जॉन व्हाइटली : पाच चित्रपटांचा नट

(प्रस्तावना)

लंडनमधली एक पडकी इमारत. युद्ध संपून सात वर्षं होत आली तरी बॉम्बने पाडलेल्या विटा जागच्या हललेल्या नाहीत. घरात चुकून पडद्याला आग लागली, आता मार बसणार, या भीतीने पळालेला सहा वर्षांचा पोरगा काखेत टेडी घेऊन त्या ढिगाऱ्यात शिरतो. आत एक माणूस आहे आणि त्याने नुकताच खून केलेला आहे. पोराने ते पाहिलं, म्हणून तो माणूस त्याला मनगटाला धरून ओढत बाहेर काढतो आणि दोघं चालू लागतात. पोरगा रडत नाही, ओरडत नाही. मान वर करून तो त्या माणसाकडे पाहत राहतो.

१९५२ सालच्या ‘हंटेड’ची ही सुरुवात. खून करणारा खलाशी डर्क बोगार्ड, आणि पोरगा जॉन व्हाइटली. त्यानंतरच्या चार वर्षांत या मुलाने आणखी चार चित्रपट केले, एक ऑस्कर मिळवलं, हॉलिवूडला जाऊन फ्रिट्झ लांगच्या हाताखाली काम केलं, आणि अकराव्या वर्षाच्या सुमाराला चित्रपट सोडले. दूरचित्रवाणीवरच्या काही किरकोळ भूमिका वगळल्या तर त्याच्या अभिनयाची सगळी मिळकत या पाच चित्रपटांत मावते. एवढ्याशा कारकिर्दीवर पुस्तक लिहायचं कारण मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पन्नाशीच्या दशकातल्या ब्रिटिश चित्रपटात लहान मूल मोठ्या माणसांना जोखतं, त्यांचा न्याय करतं, आणि हे काम या मुलाइतकं निवांतपणे कोणी केलेलं मला दिसलेलं नाही. बालनट म्हटलं की आपल्याला गालावरची खळी, बोबडे बोल आणि वेळेवर येणारे अश्रू आठवतात. व्हाइटलीच्या चेहऱ्यावर यातलं फारसं काही नाही. त्याचं मत त्याने बनवलेलं असतं. ते तो लगेच सांगत नाही, इतकंच.

जन्म १९ फेब्रुवारी १९४५चा, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनशर परगण्यातल्या मोनिमस्क या लहानशा गावातला. सहाव्या वर्षी त्याने बीबीसी रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमात एक प्रसिद्ध विनोदी बालकविता म्हटली. दिग्दर्शक चार्ल्स क्राइटन यांच्या एका परिचिताने ती ऐकली आणि त्यांच्या कानावर घातली. क्राइटन तेव्हा ‘हंटेड’साठी मुलगा शोधत होते. पुढचं सगळं या एका आवाजावरून घडलं, हे चित्रपट पाहताना ध्यानात ठेवण्याजोगं आहे. व्हाइटलीच्या बोलण्यातला स्कॉटिश हेल दिग्दर्शकांनी घासूनपुसून काढला नाही. लंडनच्या नाट्यशाळेत शिकलेल्या मुलांचे उच्चार जसे इस्त्री केलेले असतात तसे याचे कधीच झाले नाहीत.

त्या काळच्या ब्रिटिश चित्रपटाला लहान मुलांचं इतकं वेड का होतं, हा प्रश्न आधी घ्यायला हवा. १९४६ साली ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांची १६३ कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. त्या देशातला तो उच्चांक आजवर मोडलेला नाही. त्याच साली डेव्हिड लीनचा ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आला, पुढच्या वर्षी खुद्द क्राइटनचा ‘ह्यू अँड क्राय’, ज्यात लंडनची उनाड पोरं बॉम्बच्या ढिगाऱ्यांवर खेळता खेळता चोरांची टोळी पकडतात. १९४८ मध्ये कॅरल रीडचा ‘द फॉलन आयडॉल’ आणि लीनचा ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. १९५२ मध्ये बहिऱ्या मुलीची गोष्ट सांगणारा ‘मँडी’. लगोलग ‘द यलो बलून’, ज्यातला मुलगा आपल्यामुळेच मित्र मेला असं समजून एका गुन्हेगाराच्या तावडीत सापडतो. सेन्सॉरने या चित्रपटाला फक्त प्रौढांसाठी असलेलं नवं ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे ज्या वयाच्या मुलाची गोष्ट त्याच वयाच्या मुलांना पाहायला बंदी.

या चित्रपटांत एक साचा पुन्हा पुन्हा येतो. एकटं मूल, आणि त्याच्यासमोर एक अपराधी किंवा संशयित पुरुष. मुलाला सत्य माहीत असतं किंवा माहीत आहे असं वाटत असतं. पोलीस, आईबाप, शिक्षक यांना ते सांगायचं की नाही, हा पेच. १९६१ मधल्या ‘व्हिसल डाउन द विंड’पर्यंत हा साचा टिकला. समीक्षक याचं कारण डिकन्सच्या परंपरेत शोधतात आणि ते चुकीचं नाही. पण मला त्यात युद्ध जास्त दिसतं. ज्या पिढीने ही चित्रपटगृहं भरली तिच्यातल्या लाखो मुलांनी बालपणाची काही वर्षं आईबापांपासून दूर, खेड्यांतल्या अनोळखी घरांत काढली होती. कित्येकांचे वडील पाच-सहा वर्षांनी गणवेशात परत आले तेव्हा ते मुलांना परके वाटले. त्या वडिलांनी तिकडे माणसं मारली होती, आणि घरात त्याविषयी कोणी बोलत नव्हतं. हा परका पुरुष चांगला की वाईट, हे ठरवायचं काम कोणीही न सांगता मुलांकडे आलं. पडद्यावरचा खुनी खलाशी आणि त्याच्या मागून फरफटत जाणारा पोरगा पाहताना प्रेक्षकांना हे नेमक्या शब्दांत सुचलं असेल असं मी म्हणत नाही. पण ती जोडी त्यांना अनोळखी नव्हती.

दुसरा प्रश्न कारागिरीचा. सहा-आठ वर्षांच्या मुलाकडून अभिनय करून घ्यायचा कसा? ‘द फॉलन आयडॉल’मधल्या बॉबी हेन्रीची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच्या आईने लिहिलेल्या पुस्तकाच्या वेष्टनावरचा फोटो पाहून रीडने त्याला निवडलं. मुलाचं चित्त काही सेकंदांहून जास्त ठरत नसे. मग त्याच्या चेहऱ्यावर कुतूहल हवं तेव्हा कॅमेऱ्यामागे जादूगार उभा केला गेला. एकेक नजर, एकेक शब्द वेगळा टिपून संकलनात जोडला. परिणाम अप्रतिम आहे, पण तो अभिनय रीडचा आहे. मुलाने आपला चेहरा उसना दिला. व्हाइटलीचं तसं नाही. बोगार्डबरोबरचे त्याचे प्रसंग पाहा. दोघं एकाच चौकटीत आहेत, कॅमेरा थांबलेला आहे, मोठा माणूस बोलतो आणि मुलगा ऐकतो. ऐकण्याचा अभिनय कापून जोडता येत नाही. तो त्या खोलीत, त्या क्षणी व्हावा लागतो.

‘हंटेड’ हा त्याचा पहिलाच चित्रपट, आणि माझ्या मते सर्वांत चांगला. लंडनहून उत्तरेकडे, कुंभारकामाच्या भट्ट्यांनी काळवंडलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटमधून पार स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत ही दोघं पळतात. सुरुवातीला ख्रिस लॉइडला, म्हणजे बोगार्डच्या खलाशाला, हा मुलगा म्हणजे लोढणं आहे. पोरगं पोलिसांना सांगेल, म्हणून बरोबर ठेवायचं. वाटेत एकदा त्याला मुलाच्या पाठीवरचे वळ दिसतात. दत्तक घेतलेल्या घरात त्याला कसं वागवतात ते त्या वळांवरून कळतं. क्राइटन इथे संगीताचा कढ काढत नाही. दोघंही पळून आलेले आहेत एवढं समजतं, आणि गोष्ट पुढे जाते. शेवटी ख्रिस मासेमारीची बोट चोरून आयर्लंडच्या दिशेने निघतो. सुटका समोर आहे. पण मुलगा तापाने फणफणलेला आहे. ख्रिस बोट वळवतो आणि धक्क्यावर वाट पाहत उभ्या असलेल्या पोलिसांकडे परत येतो. याला हिंदी चित्रपटाने दहा मिनिटं आणि दोन संवाद दिले असते. इथे तो निर्णय आपल्याला फक्त बोटीच्या दिशेवरून कळतो. चित्रपटाला त्या वर्षी लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बोगार्ड पुढे ‘डॉक्टर इन द हाउस’मुळे मुलींच्या गळ्यातला ताईत झाला. त्या लाटेत हे काम मागे पडलं, हा अन्यायच आहे.

दुसरा चित्रपट फिलिप लीकॉकचा ‘द किडनॅपर्स’, १९५३. लीकॉक मूळचे माहितीपटवाले. त्यांचे धाकटे बंधू रिचर्ड यांनी रॉबर्ट फ्लाहर्टीच्या ‘लुइझियाना स्टोरी’चं छायाचित्रण केलं होतं. माणसाला त्याच्या वेगाने वागू द्यायचं, ही सवय या घराण्यात असावी. गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात घडते. चित्रण मात्र स्कॉटलंडच्या डोंगरांत झालं. हॅरी आणि डेव्ही हे दोन पोरके भाऊ आजोबांकडे राहायला येतात. वडील डच वंशाच्या बोअरांविरुद्धच्या युद्धात पडलेले, म्हणून आजोबांचा शेजारच्या डच वस्तीवर दात. मुलांना कुत्रा हवा आहे, आणि आजोबांच्या लेखी जे खाता येत नाही ते पोसणं म्हणजे चैन. मग मुलांना जंगलात एक तान्हं मूल सापडतं. ते त्याला लपवतात, दूध पाजतात, आणि कुत्र्याला ठेवावं तसं त्याचं नाव रोव्हर ठेवतात. तान्हं मूल अर्थातच डच कुटुंबाचं निघतं.

धाकट्या डेव्हीचं काम करणारा पाच वर्षांचा व्हिन्सेंट विंटर सगळी टाळ्यांची वाक्यं घेऊन जातो, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणारा माणूस बहुधा त्याचंच कौतुक करत जातो. माझा आग्रह हॅरीकडे पाहण्याचा आहे. तो थोरला आहे. त्याला कळतं आहे की आपण काहीतरी भयंकर केलं, तरीही धाकट्यासमोर त्याला शांत राहायचं आहे. गावच्या दुकानात मोठी माणसं बसून या आठ वर्षांच्या मुलाची चौकशी करतात तेव्हा तो उत्तरं देतो, फक्त आजोबांकडे बघायचं टाळतो. डंकन मॅक्रे यांनी तो आजोबा उभा केला आहे, वाळलेल्या लाकडासारखा. शेवटी हा माणूस आपले बूट विकून मुलांसाठी कुत्रा मागवतो. गोडवा आहे, नाही असं नाही; पण बुटांची किंमत आपल्याला आधी नीट दाखवलेली असल्याने तो गोडवा पचतो.

या चित्रपटासाठी व्हाइटली आणि विंटर दोघांना बालकलाकारांचं खास ऑस्कर मिळालं. १९३५ साली शर्ली टेंपलपासून सुरू झालेला हा सन्मान १९६१ मध्ये हेली मिल्सला देऊन बंद करण्यात आला. त्याची बाहुली नेहमीच्या ऑस्करपेक्षा लहान असे. ३० मार्च १९५५ला समारंभ झाला. आईवडिलांनी जॉनला पाठवलं नाही. ऑस्कर पोस्टाने घरी आलं. खोक्यात काहीतरी विशेष असेल अशी त्याला आशा होती, पण उघडल्यावर निघाला एक कुरूप पुतळा, असं मोठेपणी ते सांगत. हा किस्सा त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असतो. मीही तो दिला, तरी त्याला फार महत्त्व देऊ नये असं मला वाटतं. दहा वर्षांच्या मुलाला पुतळा आवडला नाही, यात वैराग्य शोधायचं कारण नाही.

‘मूनफ्लीट’ची गोष्ट वेगळी आणि गुंतागुंतीची. एमजीएमने १९५५ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओत उभा केलेला अठराव्या शतकातला इंग्लंडचा डॉर्सेट किनारा, तस्कर, स्मशान, लपवलेला हिरा. दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, ज्यांनी ‘मेट्रोपोलिस’ आणि ‘एम’ केले होते. सिनेमास्कोपची रुंद चौकट त्यांना मनापासून नापसंत होती, आणि तरी तिचा वापर त्यांनी असा केला की लहान मुलाभोवतीचा अंधार आणखी पसरट वाटावा. जॉन मोहून हा मुलगा मृत आईची चिठ्ठी घेऊन जेरेमी फॉक्सकडे येतो. फॉक्स म्हणजे स्ट्युअर्ट ग्रेंजर: देखणा, दगाबाज, तस्करांचा म्होरक्या आणि आईचा एकेकाळचा प्रियकर. आईने सांगितलं की हा मित्र आहे, म्हणजे तो मित्रच, असं मुलगा धरून चालतो. समोरचा माणूस पावलोपावली उलट पुरावा देत राहतो, आणि मुलगा तो पुरावा मानायला नम्रपणे नकार देतो. ‘हंटेड’मध्ये वळ मुलाच्या पाठीवर होते. इथे वण फॉक्सच्या पाठीवर आहेत, मुलाच्या घराण्याने अंगावर सोडलेल्या कुत्र्यांनी केलेले. दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या दिग्दर्शकांनी हे केलं. ठरवून अर्थातच नाही. तरी लागोपाठ पाहिल्यावर ही अदलाबदल डोळ्यांत भरते.

शेवटी जखमी फॉक्स आपली जखम मुलापासून लपवतो, परत येईन असं सांगतो आणि होडीतून समुद्रात जातो. लांगना चित्रपट तिथेच संपवायचा होता. स्टुडिओने त्यापुढे एक प्रसंग जोडला: मुलगा वाड्याचं फाटक उघडं ठेवतो, कारण मित्र परत येणार आहे. लांग याबद्दल अखेरपर्यंत कुरकुरत राहिले. दिग्दर्शकाची बाजू घ्यावी असा आमच्या जमातीचा रिवाज असतो, पण इथे मी स्टुडिओच्या बाजूने आहे. ते उघडं फाटक नसतं तर त्या मुलाच्या श्रद्धेचं पुढे काय झालं हे आपल्याला कळलंच नसतं. चित्रपट तिकीटबारीवर पडला. फ्रान्समध्ये मात्र ‘काइए द्यु सिनेमा’ या नियतकालिकाच्या मंडळींनी त्याला डोक्यावर घेतलं. समीक्षक सेर्ज दाने यांच्या मृत्यूनंतर १९९३ मध्ये निघालेल्या पुस्तकाचं नावसुद्धा ‘मूनफ्लीट’मधल्या एका संवादावरून घेतलेलं आहे. अमेरिकेत आपटलेल्या या चित्रपटातला तो स्कॉटिश पोरगा फ्रेंच चित्रपटप्रेमींच्या दोन पिढ्यांना नावानिशी ठाऊक झाला.

‘द वेपन’बद्दल थोडकंच. १९५६ सालचा व्हॅल गेस्टचा हा रहस्यपट. मुलाला ढिगाऱ्यात पिस्तूल सापडतं, खेळताना मित्राला गोळी लागते आणि तो पळतो. ते पिस्तूल दहा वर्षांपूर्वीच्या एका खुनातलं, म्हणून पोलीस आणि खुनी दोघंही त्याच्या मागे. लंडनच्या रस्त्यांची दृश्यं चांगली आहेत. व्हाइटलीला पळण्याखेरीज फारसं काही करायला नाही.

त्याच वर्षीचा ‘द स्पॅनिश गार्डनर’ हा शेवटचा. पुन्हा लीकॉक, पुन्हा बोगार्ड, ए. जे. क्रोनिन यांची कादंबरी. स्पेनच्या कोस्टा ब्रावा किनाऱ्यावर नेमणूक झालेला एक ब्रिटिश राजनैतिक अधिकारी, बायको सोडून गेलेली, मुलगा निकोलस नाजूक आहे अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतलेली. मुलाची बागेतल्या माळ्याशी, होसेशी मैत्री होते. तो माती खणतो, उन्हात रापतो, तब्येत सुधारते, आणि वडिलांचा जळफळाट होतो. वडील झालेल्या मायकल हॉर्डर्नचं काम इथे बोगार्डपेक्षा सरस आहे. मुलावरचं प्रेम आणि मालकी यांतला फरक न समजणारा हा बाप आपल्याकडच्या कित्येक घरांत सापडेल. बोगार्ड स्पॅनिश माळी वाटत नाही, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खरा आहे. कादंबरीत होसे मरतो, चित्रपटात वाचतो. ही तडजोड मला खटकते. मुलगा वडिलांना माफ करतो ती माफी मग स्वस्तात पडते. पण त्याआधी एक व्हाइटली दिसतो जो आधीच्या चित्रपटांत नव्हता. अकरा वर्षांचा हा मुलगा आता वडिलांचा राग ओळखून आपलं बोलणं मोजतो.

यानंतर व्हाइटली थांबला. कारण अगदी घरगुती होतं. त्या काळी ब्रिटनमध्ये अकराव्या वर्षीची एक परीक्षा मूल ग्रामर स्कूलला जाणार की नाही ते ठरवत असे, म्हणजे पुढे विद्यापीठाचं दार उघडणार की नाही तेही. आईचा निर्णय होता की तोवर चित्रपट, त्यानंतर अभ्यास. दहावीचं वर्ष आलं की क्रिकेटची बॅट माळ्यावर टाकणाऱ्या आया आपल्याला माहीत आहेतच, त्यामुळे यात नवल वाटू नये.

बालनटांच्या चरित्रांत आपण नकळत पडझडीची वाट पाहतो. तसं उदाहरण आहेही. १९४९ सालच्या कामाबद्दल हेच लहान ऑस्कर मिळवणारा अमेरिकन बॉबी ड्रिस्कॉल डिस्नेच्या ‘ट्रेझर आयलंड’साठी ब्रिटनमध्ये आला होता, १९६८ मध्ये एकतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका ओसाड इमारतीत तो मृत सापडला आणि ओळख न पटल्याने बेवारस म्हणून पुरला गेला. पण ब्रिटिश मुलांपैकी कित्येकांनी धडपणे दुसरी वाट धरली. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चा जॉन हॉवर्ड डेव्हिस बीबीसीत निर्माता झाला, ‘फॉल्टी टॉवर्स’ची पहिली मालिका त्याने केली. ‘द फॉलन आयडॉल’चा हेन्री अमेरिकेत हिशेबनीस झाला. विंटर कॅमेऱ्यामागे निर्मितीच्या कामात शिरला.

व्हाइटली ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात गेले, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकलेवर त्यांनी डॉक्टरेट केली, आणि १९७८ पासून २०१४ पर्यंत ऑक्सफर्डच्याच अ‍ॅशमोलिअन संग्रहालयात पाश्चात्त्य कला विभागात काम केलं. तिथल्या फ्रेंच रेखाटनांची त्यांनी केलेली सूची अभ्यासक आजही वापरतात. संग्रहालयातल्या तंतुवाद्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. तिथेच स्ट्राडिव्हारीचं १७१६ सालचं ‘मेसाया’ व्हायोलिन आहे. २०११ मध्ये क्लोद लोरँ या निसर्गचित्रकारावरचं मोठं प्रदर्शन त्यांनी सहकाऱ्याबरोबर मांडलं. त्याआधी, २००९ मध्ये, फ्रेंच सरकारने त्यांना कला आणि साहित्यासाठीचा शेव्हालिए हा किताब दिला, तो चित्रकलेच्या अभ्यासासाठी. १६ मे २०२० रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

इथे एक मोह होतो. मोठ्या माणसांकडे टक लावून पाहणारा मुलगा पुढे आयुष्यभर चित्रांकडे पाहत राहिला, अशी साखळी जोडायचा. मी ती जोडलेली नाही. रेखाटनांची सूची करायला लागतं ते कागद, शाई, जलचिन्हं आणि हस्ताक्षर यांचं कंटाळवाणं, चिकाटीचं ज्ञान. पडद्यावरच्या निरागस नजरेशी त्याचा संबंध लावणं म्हणजे त्या कष्टांचा अपमान. म्हणून या पुस्तकात अ‍ॅशमोलिअनवरचं प्रकरण वेगळं आणि शेवटी ठेवलं आहे. चित्रपटांविषयी काही कळावं म्हणून ते वाचायची गरज नाही.

पाच चित्रपटांवरची प्रकरणं मात्र प्रदर्शनाच्या क्रमाने आहेत. ज्यांनी एकही पाहिलेला नाही त्यांनी ‘हंटेड’पासून सुरुवात करावी, मग थेट ‘मूनफ्लीट’ पाहावा. कृष्णधवल लंडनमधून त्या निळ्याकाळ्या स्मशानात जाताना मुलगा किती कमी बदलला आहे ते लगेच दिसतं. ‘द किडनॅपर्स’ घरातल्या मुलांबरोबर पाहायला हरकत नाही. ‘द वेपन’ सर्वांत शेवटी, आणि तोही लंडनच्या रस्त्यांसाठी.